मिनी पीसी की असेंबल? मालवणच्या खाऱ्या हवेत घरचा सर्व्हर उभा करताना ठेवलेल्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

घरात एक मशीन चोवीस तास चालू ठेवायचं हे आज नक्की केलं. कारण बाबांच्या कॅसेट. १९९९ ते २००८ या काळात बाबांनी हँडीकॅमवर जत्रांमधले दशावतार शूट केलेत, मिनीडीव्हीच्या ४६ कॅसेट आहेत, आणि परवा डबा उघडला तर तीन कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली. अजून दोन पावसाळे त्या टिकणार नाहीत. शिवाय चार मोबाइलचे फोटो आहेत आणि कलमांच्या बागेतले तीन कॅमेरे आहेत, त्यांचं रेकॉर्डिंग कुठेतरी जायला हवं.

घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, जांभ्याच्या भिंती, वर कौलं. हे आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच फिरले आणि मला ते तेव्हा कळलं नाही.

दोन पर्याय होते. एक, इंटेलचा एन१०० हा कमी वीज खाणारा प्रोसेसर असलेला मिनी पीसी. दोन, इंटेलचा आय३-१२१०० प्रोसेसर आणि बाकी सुटे भाग घेऊन असेंबल. मी असेंबल निवडलं. पुढे डिस्क वाढवता येतात, आणि मिनीडीव्हीचा हँडीकॅम कंप्युटरला जोडायला फायरवायर कार्ड लागतं ते लावायला स्लॉट मिळतो, म्हणून. दुसरं कारण खरंच बरोबर होतं. पहिल्याच्या नादात मी एक गोष्ट केलीच नाही, माझा डेटा किती आहे ते मोजलंच नाही.

२ मार्च

भावाने मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सामान घेतलं आणि तुतारी एक्सप्रेसने कणकवलीला उतरला. खर्च असा: प्रोसेसर ९,२००, एच६१० मदरबोर्ड ६,४००, १६ जीबी रॅम ३,३००, ४५० वॅटचा पॉवर सप्लाय ३,६००, तीन पंख्यांचा कॅबिनेट ३,२००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी २,९००, ४ टीबीच्या दोन डिस्क १९,०००, फायरवायर कार्ड १,१००. एकूण ४८,७००. जोडायला दुपार गेली, डेबियन (लिनक्स) टाकायला तासभर.

आईने एकच विचारलं, "लायटीचा बिल कितक्या येतला रे?" मी म्हटलं फार नाही. मीटर लावून बघितलं नव्हतं.

९ मार्च

मीटर लावला. दोन्ही डिस्क फिरत असताना, काही काम नसताना ४४ वॅट. चोवीस तास वर्षभर १ वॅट म्हणजे ८.७६ युनिट, हा आकडा पाठ करून ठेवा. ४४ वॅटचे वर्षाला ३८५ युनिट होतात. दर स्लॅबप्रमाणे बदलतो, पण हिशोबाला १० रुपये धरले तरी ३,८५० रुपये. आईला खरा आकडा सांगितला.

मशीन माळ्यावर ठेवलंय. खाली पंख्यांचा आवाज येतो आणि बाबांचं म्हणणं, "ह्येचो आवाज रातीक झोपाक देणा नाय."

२३ एप्रिल

माळा ही चूक होती. दुपारी दोनला कौलांखाली उभं राहवत नाही, आणि मी तिथे डिस्क फिरवत ठेवल्या होत्या. आज एका डिस्कचं तापमान ५४ आलं. पंख्यांचा स्पीड वाढवला तर तीच तापलेली हवा जास्त जोरात आत येते, बाकी फरक काही नाही. कॅबिनेट उघडला तर पुढच्या जाळीवर कौलांची तांबडी धूळ साचलेली, आणि ती कोरडी नाही, बोटाला चिकटते. मिठाच्या हवेत धूळ ओलसर होते आणि मग ती ब्रशने जात नाही, पुसून काढावी लागते.

मशीन खाली माजघरात आणलं. डिस्क ४३ वर आली.

१२ मे

मशीन चालू होईना. पंखे फिरतात, स्क्रीनवर काही नाही. तीन तास गेले. शेवटी रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, परत बसवली, चालू झालं. ही युक्ती आमच्याकडे प्रत्येक कंप्युटर दुरुस्तीवाल्याला माहीत असते, आता मला कळलं की का माहीत असते.

टॉर्च घेऊन सगळं नीट बघितलं. कॅबिनेटचे स्क्रू तांबडे झालेत. मागच्या यूएसबी पोर्टच्या पत्र्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. एका स्लॉटची मागची पट्टी मी फायरवायर कार्ड बसवताना काढली आणि परत लावलीच नव्हती, त्या फटीतून पाल आत गेलेली, पॉवर सप्लायच्या जाळीला चिकटून मेलेली. तिची शेपटी आतल्या बाजूला दोन इंचभर गेली होती. आणखी थोडी आत गेली असती तर पॉवर सप्लाय उडाला असता.

सगळं दहा आठवड्यांत. तीन पंख्यांचा कॅबिनेट म्हणजे समुद्रावरची हवा चोवीस तास बोर्डावरून ओढणारं यंत्र आहे. पुण्यात तो मशीन थंड ठेवतो, इथे तो मशीन खारवतो. असेंबल करताना "हवा खेळती हवी" हे मी सगळीकडे वाचलं होतं, ते इथल्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

१९ मे

संध्याकाळी वळवाचा पाऊस. बागेच्या बाजूला वीज पडली, आवाज आणि उजेड एकदमच. कॅमेऱ्यांचा पीओई स्विच (लॅन केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) गेला, दोन कॅमेरे गेले, आणि सर्व्हरच्या बोर्डावरचं लॅन पोर्ट मेलं. बागेतून घरापर्यंत ७० मीटर तांब्याची लॅन केबल मीच ओढली होती, वीज तिच्यावरूनच आली असणार. मेन लाइनवर सर्ज प्रोटेक्टर होता, पण लॅन केबलकडे माझं लक्षच नव्हतं.

बाकी मशीन वाचलं. ९०० रुपयांचं लॅन कार्ड मोकळ्या स्लॉटमध्ये टाकलं आणि काम सुरू. असेंबलच्या बाजूने हे खरं आणि मोठं आहे, मिनी पीसीत असं कार्ड टाकायला मोकळा स्लॉट बहुतेक नसतो. म्हणून मिनी पीसीकडे वळायच्या आधी वीज यायची वाट बंद करणं भाग आहे.

२६ मे

बाग ते घर फायबर टाकली. काचेतून वीज येत नाही, एवढंच कारण. घेताना एक बघा, टीव्ही-इंटरनेटची साधी ड्रॉप केबल असते तिच्यात बऱ्याचदा आधाराला लोखंडी तार असते, तीच तार वीज घरात आणू शकते. बिनधातूची, आत फायबरग्लासची काडी असलेली मागा. ९० मीटर केबल १,१००, दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन केबल जोडणारे डबे) २,४००, गावातल्या केबलवाल्याकडून टोकं जोडून घेतली ८००. नवा पीओई स्विच आता पंपाच्या खोलीत आहे, परत वीज पडली तर तिकडचंच जाईल.

हेच मार्चमध्ये केलं असतं तर ४,३०० रुपयांत बोर्डाचं पोर्ट तरी वाचलं असतं.

८ जून

मृग लागलं, पाऊस सुरू. आज बसून डेटा मोजला, जे फेब्रुवारीत करायला हवं होतं.

मिनीडीव्हीची एक तासाची कॅसेट सुमारे १३ जीबी होते. ४६ कॅसेट म्हणजे ६०० जीबी. फोटो आणि मोबाइलचे व्हिडिओ मिळून ७०० जीबी. कॅमेऱ्यांचं प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट धरून तीन मिळून दिवसाला ६५ जीबी, सात दिवस ठेवायचं तर साडेचारशे जीबी, आणि ते गेलं तरी रडू येणार नाही. म्हणजे जिवापाड जपायचा डेटा १.३ टीबी. एवढ्यासाठी मी सहा डिस्क बसतील असा कॅबिनेट घेऊन बसलोय.

१.३ टीबी एका २.५ इंची एसएसडीवर मावतो, आणि ती मिनी पीसीच्या पोटात बसते. आकडा समोर आल्यावर पाच मिनिटांत निर्णय झाला.

१५ जून

मिनी पीसी आला. एन१००, १६ जीबी, ५१२ जीबी एनव्हीएमई, खाली २.५ इंची डिस्कचा कप्पा. १६,९००. कुरियर कणकवलीपर्यंतच आलं, पावसात जाऊन आणलं, खोका ओला पण आतली प्लॅस्टिकची पिशवी शाबूत.

घेताना तीन गोष्टी बघितल्या. अडॅप्टर १२ व्होल्टचा आहे का, गेला तर बाजारात सहज मिळतो. बायॉसमध्ये (मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) लाइट आली की आपोआप चालू व्हायची सोय आहे का. आणि २.५ इंची कप्पा खरंच आहे का, काही मॉडेलमध्ये नुसता एम.२ स्लॉट असतो आणि जाहिरातीत ते नीट लिहिलेलं नसतं.

रिफर्बिश्ड ऑफिस पीसीही बघितला होता, आय५-८५००टी वाला, १३,००० मध्ये. तोही छोटा आणि मजबूत असतो. पण मशीन आधी कुठे होतं ते कळत नाही, आणि मला गंजाची सुरुवात झालेलं मशीन नको होतं.

मीटरवर काम नसताना ९ वॅट. वर्षाला ७९ युनिट. आधीपेक्षा ३०० युनिट कमी. आईला लगेच सांगितलं.

२२ जून

२ टीबीची एसएसडी महाग वाटली, ११,५०० ला सांगत होते, म्हणून आधी जुन्या ४ टीबीच्या डिस्क वापरू म्हणून ३,४०० चा दोन डिस्कचा यूएसबी डॉक घेतला. तीन दिवस बरा चालला. चौथ्या रात्री मोठी कॉपी चालू असताना डिस्क गायब. लॉग बघितला तर यूएसबी परत परत रिसेट होत होतं. डॉकची चिप आणि लिनक्सचा यूएएस ड्रायव्हर (यूएसबी डिस्क जलद चालवणारा) यांचं जमत नाहीये असं वाचलं, लिनक्सला त्या डॉकसाठी यूएएस बंद करायला सांगितलं. स्पीड थोडा पडला, गायब होणं थांबलं. थांबलं म्हणजे ११ दिवस थांबलं.

४ जुलै

परत गायब. या वेळी दोन्ही डिस्क एकदम, आणि मी त्यांच्यावर झेडएफएसचा मिरर केला होता, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. ती जोडी अडकली, मशीन रिबूट केल्यावर आली, डेटा शाबूत. पण रात्री दोन वाजता पावसात बसून बाबांच्या कॅसेट यावर असत्या तर काय झालं असतं हा विचार करत स्क्रब, म्हणजे डेटाची पूर्ण तपासणी, संपायची वाट बघितली, ती रात्र परत नको. यूएसबीवरच्या डिस्कवर मुख्य डेटा ठेवायचा नाही. कोणी कितीही म्हणो आमचं चालतं, मी तरी ठेवणार नाही.

सकाळी एसएसडीची ऑर्डर दिली.

१० जुलै

आता रचना अशी. मुख्य डेटा आतल्या २ टीबी एसएसडीवर. डॉकमध्ये एकच ४ टीबी डिस्क, तिच्यावर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि रात्री दोनला एसएसडीची रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने प्रत. ती गायब झाली तर फार तर एका रात्रीची प्रत चुकते. दुसरी ४ टीबी डिस्क कोल्हापूरला ताईकडे, दोन महिन्यांनी जाता-येता बदलायची. घाटावरची हवा कोरडी, डिस्क तिथे सुखात राहील.

३५० रुपयांचा आर्द्रता मीटर आणला. माजघरात ९१ टक्के. मिनी पीसीच्या पाठीमागे जिथून कोमट हवा निघते तिथे ६८. हे बघून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, थोडं गरम आणि सतत चालू असलेलं मशीन आतून कोरडं राहतं, बंद मशीनमध्ये पाणी धरतं. आमच्याकडे पावसाळ्यात बंद ठेवलेली मिक्सरसुद्धा पहिल्यांदा लावताना का कुरकुरते ते यातच आलं. असेंबल मशीन मी जूनमध्ये बंद करून कोपऱ्यात ठेवलं होतं, धावत जाऊन बघितलं, प्रोसेसरच्या पंख्याच्या स्क्रूवर गंज वाढलाय. दोन तास चालू ठेवलं, गरम असतानाच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलची अर्ध्या किलोची पिशवी आत टाकून तोंड बांधलं. जेल रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवतो आणि परत वापरतो. तवा वेगळा ठेवलाय, जेवणाचा नाही.

२१ जुलै

लाइटीचं प्रकरण. इथे पावसात लाइट दिवसातून पाच-सात वेळा जाते-येते. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते मी दाबलं, म्हणजे लाइट जाताना मिनी पीसी रिस्टार्ट होणार नाही. रिस्टार्ट थांबला, पण दोन दिवसांनी बॅटरी सारखी उतरलेली दिसायला लागली. कारण यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, साध्या मोडमध्ये तो १०० पर्यंत चालवून घेतो. आमच्याकडे संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज १६५ ते १७५. म्हणजे लाइट असूनही रोज संध्याकाळी तीन-चार तास आख्खं घर बॅटरीवर चाललं होतं.

इन्व्हर्टर परत साध्या मोडवर टाकला आणि फक्त सर्व्हर, डॉक, राउटर यांना ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस (व्होल्टेजचा चढउतार स्वतः सावरणारा) घेतला, ३,२००. आमचा इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे म्हणून हे जमलं, स्क्वेअर वेव्हच्या मागे असा यूपीएस बहुतेक वेळा नीट चालत नाही. यूपीएसची यूएसबी केबल मिनी पीसीला जोडून एनयूटी हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम टाकला, बॅटरी ४० टक्क्यांवर आली की मशीन नीट बंद होतं.

यातही एक दिवस घालवला. मशीन बंद व्हायला लागलं आणि तेवढ्यात लाइट आली तर मशीन बंदच राहतं, कारण त्याच्या दृष्टीने लाइट कधी गेलीच नाही. मशीन बंद झाल्यावर यूपीएसने स्वतःचं आउटपुट तोडून परत द्यायला हवं, ती सेटिंग एनयूटीमध्ये वेगळी चालू करावी लागते. केली, मेन स्विच पाडून चार वेळा तपासलं.

३ ऑगस्ट

बाहेरून बघायचं होतं, भावाला मुंबईत. राउटरचा बाहेरचा आयपी १०० ने सुरू होतोय म्हणजे सीजीनॅट, इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटते, पोर्ट उघडून उपयोग नाही. टेलस्केल टाकलं, ते बाहेरच्या मशीनला घरच्या सर्व्हरशी खासगी वाटेने जोडतं, पंधरा मिनिटांत झालं. एवढं एकच काम पहिल्या फटक्यात झालं.

फोटो साठवायला आणि बघायला इम्मिच हे सॉफ्टवेअर. ६१,००० फोटोंचे चेहरे ओळखायला एन१०० ला तीन दिवस लागले, तेवढे दिवस मशीन १८ वॅटवर होतं. एकदाच लागतं, मग नाही. त्याचं अपडेट आलं की आधी काय बदललंय ते वाचा आणि डेटाबेसची प्रत काढा, मी एकदा न वाचता केलं आणि एक संध्याकाळ गेली.

१७ ऑगस्ट

कॅसेट. असेंबल मशीन पिशवीतून काढून फायरवायरला हँडीकॅम जोडला, डीव्हीग्रॅब या प्रोग्रामने कॅसेट कंप्युटरवर ओढायला घेतल्या. खऱ्या वेळेतच होतं, एक तासाची कॅसेट एक तास. डीव्हीमध्ये शूटिंगची तारीख-वेळ आतच साठवलेली असते, डीव्हीग्रॅब फाइलच्या नावात ती टाकतो, त्यामुळे कुठल्या जत्रेची कुठली रात्र ते बाबांना न विचारता कळतं. बाबांनी लेबलं लावली नव्हती, त्यामुळे हे फार कामाला आलं.

बुरशीच्या कॅसेट सरळ लावू नका. नववी मी लावली. हँडीकॅमच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बुरशी गेली आणि पुढच्या दोन चांगल्या कॅसेटवर पण चौकोन चौकोन दिसायला लागले. क्लीनिंग कॅसेट दहा-दहा सेकंद, तीन वेळा फिरवली तेव्हा साफ झालं. आता बुरशीवाल्या आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत चार-पाच दिवस, मग पुढे-मागे एकदा पूर्ण फिरवून, आणि सगळ्यात शेवटी ओढायच्या.

सर्व्हरवर मूळ डीव्ही फाइल तशीच ठेवलीय, आणि बघण्यासाठी इंटरलेस (एकाआड एक ओळींचं चित्र) काढून एच२६४ या लहान फाइलच्या प्रकारात वेगळी प्रत, ती एन१०० मधल्या क्विक सिंक या व्हिडिओ रूपांतराच्या सोयीने बनते. जेलीफिनमधून (सर्व्हरवरचे व्हिडिओ टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं सॉफ्टवेअर) थेट डीव्ही फाइल मोबाइलवर लावली तर प्रत्येक वेळी सर्व्हरला रूपांतर करत बसावं लागतं.

फायरवायरसाठी असेंबल मशीन लागलंच, हे प्रामाणिकपणे लिहितो. पण त्यासाठी ५-६ हजारांचा जुना डेस्कटॉप पुरला असता. स्लॉट हवा म्हणून चोवीस तासांचा सर्व्हर असेंबल करायची गरज नव्हती, ओढायचं मशीन वेगळं आणि ठेवायचं मशीन वेगळं, हे मला सुचायला सहा महिने लागले.

८ सप्टेंबर

काल चतुर्थी. घरात एकवीस माणसं, सगळ्यांचे मोबाइल, सगळे फोटो एकाच वेळी चढत होते. मिनी पीसी हाताला कोमट, बाकी काही नाही. दुपारी लाइट दोनदा गेली, कोणाला कळलं नाही.

रात्री भजनं झाल्यावर टीव्हीवर जेलीफिन लावलं, २००१ ची एक जत्रा. गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, मग संकासुर काळा झगा घालून, तोंडातून ती लांब लाल जीभ लोंबत, मंडपात शिरला आणि समोर बसलेली पोरं किंचाळली, टीव्हीतली पण आणि घरातली पण. बाबा पुढे सरकून बसले. पखवाज कोण वाजवतोय, पेटीवर कोण आहे, मागे कंदिलाजवळ कोण उभा आहे, सगळं सांगत होते. कॅमेरा एका ठिकाणी हलतो, तर म्हणाले तेव्हा थंडी होती, हात कापत होता.

पहाटेच्या भागात चित्र तुटलं. ती एकतिसावी कॅसेट, बुरशीवाल्या तीन कॅसेटपैकी एक. मी एकदाच ओढली होती, तेव्हा हेड नुकतंच साफ केलेलं नव्हतं. उद्या ती परत डब्यात, या वेळी आठ दिवस, नवीन जेल घालून. आवाज पूर्ण आलाय, चित्राची अकरा मिनिटं आणायची आहेत.